डोकी मोजून दवाखाना

माझी भाची हिमाचलातल्या स्पितीत डॉक्टर आहे म्हटलं, की आपली इंदूरची मंडळी दोनातलं एक बोलतात. एक तर "अगं बाई, एवढं शिकून तिथे बर्फात?" नाहीतर हात जोडून "केवढा त्याग!" दोन्हींचा मला सारखाच वैताग येतो. ती पगार घेते, तिथे रमली आहे आणि फोनवर मावशीला भरपूर कुरकुर ऐकवते. पण त्या कुरकुरीत थंडी फार कमी असते.

थंडीवर माणसं तोडगा काढतात. काझा, तिचं स्पितीतलं ठिकाण, साडेतीन हजार मीटरच्याही वर. तिथे धडधाकट माणसाचा ऑक्सिजनही नव्वदीच्या आसपास दिसतो; इथे तेवढा दिसला तर आपण रिक्षा बोलावू. त्यात बोटं गारठलेली असली की ऑक्सिमीटर धड आकडाच दाखवत नाही. मग आधी पेशंटचे हात तंदूरपाशी शेकायचे (घरातल्या लोखंडी शेगडीला तिकडे तंदूर म्हणतात), नंतर बोट लावायचं.

मला नवल वाटलं ते लसींचं. माझी सगळी नोकरी लसीकरणात गेली. मे महिन्यात वस्त्यांमधून व्हॅक्सिन कॅरियर (लसींची थंड पेटी) घेऊन फिरताना एकच धास्ती, बर्फ वितळेल. तिच्याकडे सगळं उलटं. हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट या लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या. गोठल्या की गेल्या, वितळवून उपयोग नाही. म्हणून जानेवारीत कॅरियरमध्ये गोठवलेले आइसपॅक नाहीतच, साध्या पाण्याचे. मुक्काम पडला तर पेटी माणसं झोपतात त्याच खोलीत, पण तंदूरपासून लांब. शंका आली तर कुपी हलवून बघायची; गाळ भराभर तळाशी बसला की फेकायची. हे तिला शिकवलं तिथल्याच एएनएमबाईंनी, म्हणजे आरोग्यसेविकेनी.

तिची खरी कुरकुर वेगळी आहे. आपल्याकडे दवाखाने डोकी मोजून ठरतात. मैदानात ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी भागात २० हजारांमागे. लाहौल-स्पिती हा अख्खा जिल्हा २०११ च्या जनगणनेत ३१,५६४ माणसांचा, आणि क्षेत्रफळ १३ हजार चौरस किलोमीटरच्या वर. म्हणजे निकषाने दोन केंद्रंही पुरी येत नाहीत! प्रत्यक्षात जास्त आहेत, आणि पोचायला किती वेळ लागतो तेही धरा असं आता कागदावर आलंय. पण साहेबांच्या मनातलं गणित जुनंच. "ओपीडीत दिवसाला आठ पेशंट, दुसरा डॉक्टर कशाला?" असं तिला तोंडावर ऐकवलं गेलं. फायर ब्रिगेडला कुणी विचारतं का, आज आगी किती लागल्या म्हणून?

दुसरा डॉक्टर कशाला, ते सांगते. २०२० मध्ये अटल बोगदा झाला आणि लाहौल हिवाळ्यातही मनालीशी जोडलं गेलं. स्पिती मात्र कुंझुम खिंडीपलीकडे, आणि ४,५५१ मीटरवरची ती खिंड हिवाळाभर बंद. उरला किन्नौरचा रस्ता. दरड आली की तोही गेला. अशात बाळंतीण अडली तर भूल कोण देणार, सिझेरियन कोण करणार? आणि असलेली एकटी डॉक्टरच तापाने फणफणली तर? म्हणून हिवाळ्यातली तारीख असलेल्या बायकांना आधीच खाली नातेवाइकांकडे पाठवतात. भाडं, खाणं, मागे राहिलेली गुरं-पोरं, हे कुणाच्या हिशेबात धरायचं?

शिकून झाल्यावर सक्तीच्या सरकारी नोकरीचा बाँड लावून पोरं पाठवा, हा आपल्याकडचा आवडता उपाय. बाँडची पोरं महिने मोजतात. टिकतात ती तिथली माणसं. लडाखच्या डॉ. त्सेरिंग लांडोल श्रीनगरला शिकून लेहला परतल्या, जन्मभर बाळंतपणं केली. २००६ मध्ये पद्मश्री, २०२० मध्ये पद्मभूषण. तिथल्या मुलींना नर्सिंगला आणि मेडिकलला पाठवा, आणि प्रत्येक ठिकाणी दोघं ठेवा. डोकी कितीही असोत.

तोवर, भाचीला त्यागमूर्ती म्हणणाऱ्यांना एक काम. ती रजेवर येईल तेव्हा तिथे पंधरा दिवस बसणारं कुणीतरी शोधून द्या. एम.वाय. या इथल्या सरकारी हॉस्पिटलातून रिटायर झालेले डॉक्टर इंदुरात काही कमी नाहीत. फक्त फेब्रुवारीत जाणारा हवा, जूनमध्ये जायला सगळेच तयार असतात.