गाडी ॲव्हरेज देत नाही

निवृत्तीनंतर माणसानं काय करू नये याची यादी केली, तर 'मेव्हण्याच्या सांगण्यावरून सेकंडहँड ट्रक घेणे' हे कलम बरंच वर येईल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं गणित-विज्ञान शिकवलं. ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले आणि महिनाभरात आमच्या अंबाजोगाईच्या गल्लीत एक सहाचाकी ट्रक येऊन उभा राहिला. जुनाच, पण मोठा गुणी. गल्लीला चांगला उतार आहे, हँडब्रेकचा दांडा फक्त टॉवेल अडकवायच्या कामाचा आहे, तरी न्यूट्रलमध्ये सोडला तर जागचा हलत नसे. बाकीचे गाडीवाले चाकाला दगड लावायला धावतात. आम्हाला, निदान या तीन महिन्यांत तरी, दगड लागला नाही. मला ते चांगल्या संस्काराचं लक्षण वाटायचं.

धंदा साधा. इथून तुरीची पोती घेऊन जालन्याच्या दालमिलला जायचं, येताना तिथली लोखंडी सळई आणायची. केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागडला गोदावरी ओलांडली की पुढं जालना. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर धरा. सुरुवातीला गाडी लिटरला साडेचार द्यायची. दिवाळीनंतर साडेतीनवर आली. डिझेल नव्वदच्या आसपास, म्हणजे एका खेपेला पंचवीस लिटर जादा, सव्वादोन हजार रुपये हवेत गेले. हा हिशेब मी रात्री दोन वाजता उठून तीनदा केला. तीनही वेळा बरोबर आला, हे दुर्दैव.

ड्रायव्हरवर संशय घ्यावा तर तो माझाच विद्यार्थी. पाचवीत वजाबाकीत दोनदा गेलेला. ज्याला हातचा घेता येत नाही, तो डिझेल काय घेणार? आणि तोच मला म्हणाला, "गुर्जी, गाडी ओढत न्हाई. इंजिनात काहीतरी बसलंय."

गॅरेजला न्यायचं तर मिस्त्री आधी इंजिन खोलतो आणि मग भाव सांगतो. मी म्हटलं, आपण विज्ञानाचे शिक्षक. ज्या डिझेलसाहेबानं हे इंजिन काढलं, त्यानं १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला ते चालवून दाखवलं ते मुळात इंधन वाचवण्यासाठीच. वाफेच्या इंजिनात बहुतेक उष्णता वाया जायची, हे त्या माणसाला सहन होत नव्हतं. पुढं १९१३ साली तो इंग्लंडला जाताना बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला. कारणांबद्दल लोक बरंच काही बोलतात. मला वाटतं, बोटीवर एखादा ट्रकमालक भेटला असावा आणि त्यानं ॲव्हरेज विचारलं असावं.

पहिल्या दिवशी एअर फिल्टर. इंजिनाला हवा कमी मिळाली तर डिझेल पुरतं जळत नाही, काळा धूर होतो, हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलंय. फिल्टर काढला तर आतून निम्मा तालुका निघाला. सोयाबीनच्या खळ्यावरचा भुसा, काळी माती, शिवाय एक गोगलगाय. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, आतून बाहेर हलकी हवा मारायची असते. हे मला ठाऊक होतं, बायकोला नव्हतं. मी हवेच्या दुकानात चौकशीला गेलो तेवढ्यात तिनं तो निरम्यात भिजवून, खसाखसा घासून, दोरीवर माझ्या बनियनशेजारी वाळत घातला. "अहो, किती मळला होता," म्हणाली. नवीन फिल्टर आणला.

दुसऱ्या दिवशी टॅपेट. हा मात्र माझा सुवर्णक्षण. सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नेमकी फट ठेवायची. माझ्या गाडीला इनलेटला ०.२० मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.३०. ती फिलर गेजच्या पातळ पत्तीनं मोजायची. गंमत अशी, की एक नंबरची फट करायची तर सहा नंबरकडे बघायचं. तिथले दोन्ही व्हॉल्व एकदम डुलायला लागले की एक नंबर मोकळा. दोनला पाचकडे, तीनला चारकडे. आपल्या गावातही कुणाच्या घरात काय चाललंय हे शेजारच्याकडं बघूनच कळतं, तसं. आणि जोडीची बेरीज दर वेळी सात! मी बॉनेटवर चढून ओरडलो, "सात वजा दोन किती?" खाली पुलीला पाना लावून इंजिन फिरवणारा ड्रायव्हर घामाघूम होऊन म्हणाला, "पाच!" "सात वजा तीन?" "चार!" एकही चुकला नाही. पाचवीच्या वर्गात वर्षभर जे जमलं नाही, ते चोवीस नंबरच्या पान्यानं एका दुपारी करून दाखवलं. शिक्षण खात्यानं याचा विचार करावा.

संध्याकाळी गाडी चालू केली तेव्हा इंजिनातून लेझीम पथक गेल्यासारखा आवाज आला. इनलेटची फट एक्झॉस्टला आणि एक्झॉस्टची इनलेटला दिली होती. तिसरा दिवस तेच उलटं करण्यात गेला. बेरजा पुन्हा म्हणून घेतल्या.

चौथ्या दिवशी डिझेल फिल्टर, आणि इथं माझी शिक्षकी संपली. फिल्टर बदलणं अवघड नाही. खोलताना डिझेलच्या लायनीत हवा शिरते, ती काढणं अवघड. त्यासाठी पंपाच्या अंगाला एक बोंडाएवढा हातपंप असतो. तो अंगठ्यानं दाबत राहायचा, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, आणि बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की आवळायचा. मी दाबत राहिलो. बुडबुडे येत राहिले. दुपार झाली, तुरीवाल्या अडत्याचे चार फोन येऊन गेले, बुडबुडे चालूच. अंगठा वांग्याएवढा झाला. टाकीतलं डिझेल मोठ्या विश्वासानं पुढं यायचं, अर्ध्या वाटेत हवा व्हायचं. थोडक्यात माझ्या ग्रॅच्युइटीसारखं.

बायकोनं दारातून विचारलं, "अहो, तिचं पोट बिघडलंय का?"

कारण रात्री कळलं. लायनीच्या बोल्टला दोन बाजूंनी तांब्याचे दोन वायसर असतात. माझ्याकडं एकच होता. दुसरा सकाळी अंगणातून झाडून निघाला आणि घंटागाडीबरोबर गेला. त्याच्या जागी मी विहिरीच्या मोटारीचा रबरी वायसर बसवला होता. डिझेलनं तो फुगून जिलबीसारखा झाला. पुढचे तीन दिवस गाडी दारात उभी. आठव्या दिवशी मान खाली घालून मी चाचाला बोलावलं.

चाचा आमच्या भागातले जुने मिस्त्री. वय झालंय, आता फक्त ओळखीच्यांचं बघतात. आले, सुपारी तोंडात टाकली, आणि इंजिनाकडं बघायचं सोडून गाडीभोवती एक चक्कर मारली. मग गल्लीचा उतार बघितला. मग चाकं बघितली.

"गुरुजी, पत्थर नै लगाए?"

मी अभिमानानं म्हणालो, "लागत नाही चाचा. न्यूट्रलमध्ये आहे, तरी हलत नाही."

चाचांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं मी एकतीस वर्षं पोरांकडं बघत आलो होतो.

"अजी, नै हिलती तो डिझेल पियेंगीच ना! चक्के पकडेले हैं। इंजिनकू कायकू खोले?" मग ड्रायव्हरकडं वळून, "ब्रेक इत्ते टाइट कौन करा रे?"

ड्रायव्हर माझ्याकडं बघायला लागला.

दिवाळीनंतर एकदा मी हौसेनं गाडीत बसून जालन्याला गेलो होतो. मांजरसुंब्याचा घाट उतरताना मागं दहा टन तूर आणि पुढं दरी बघून माझ्या पोटात गोळा आला. बीडच्या पहिल्याच टपरीवर उतरून मी हुकूम सोडला होता, "आधी ब्रेक आवळ." त्यानं विचारलं, "किती आवळू गुर्जी?" मी म्हणालो, "आवळ म्हणजे आवळ." त्यानं सगळ्या चाकांचे स्लॅक, म्हणजे ब्रेक कमी-जास्त आवळायची जागा, पाना फिरेना तोवर आवळले. आज्ञाधारक विद्यार्थी. तेव्हापासून ब्रेकचे लायनर चाकाच्या ड्रमला सतत घासत होते, आणि इंजिन बिचारं चारशे किलोमीटर ब्रेक दाबलेली गाडी ओढत होतं.

चाचांनी चाकाला दोन मोठे दगड लावायला सांगितले आणि गाडीखाली शिरले. एकेक स्लॅक मोजून ढिला केला. अर्ध्या तासानं बाहेर आले, हात पुसले, ड्रायव्हरला स्टिअरिंगवर बसवलं. "अब देखो. दो फुट जायेंगी, तू ब्रेक मार," म्हणाले, आणि दगड काढले.

ट्रकनं जरा विचार केला, आणि निघाला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. तो लागला नाही. ब्रेकला हवा लागते, आणि ती भरायला इंजिन चालू लागतं. डिझेलमधली हवा काढायला मी अंगठा सुजवला, ती शेवटपर्यंत निघाली नाही. ब्रेकच्या टाकीतली मात्र गाडी उभ्या उभ्या आपोआप निघून गेली होती. गाडी अगदी शांतपणे, आवाज नाही, धूर नाही, गल्लीतल्या कोंबड्यांना बाजूला व्हायला पुरेसा वेळ देत खाली गेली आणि टोकाच्या उकिरड्यात गुडघाभर रुतून थांबली.

आम्ही धावत पोचलो. ड्रायव्हर सुखरूप होता. डॅशबोर्डवरची माझी हिशेबाची वही त्यानं उघडली होती, हातात पेन होतं.

"गुर्जी, घरापासून इथवर दोनशे फूट भरंल," तो म्हणाला. "डिझेल शून्य. ॲव्हरेज किती मांडू?"