ग्रंथालय सेवकांना इंटरनेट शिकवणं ही उधळपट्टी? एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

सोलापूर जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण पुढे ढकलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांत वाचनालयांचे पदाधिकारीही आहेत, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. मजकुराचं सार असं: ग्रंथालय सेवकांच्या संगणक-इंटरनेट प्रशिक्षणासाठी निधी मागणं ही उधळपट्टी आहे. मोबाइल आज सगळ्यांकडे आहे, सेवकांचं एमएस-सीआयटी झालेलंच असतं, आधी मिळालेले संगणक धूळ खात पडलेत, ऑनलाइन कामांना सेवा केंद्रं आहेत, शिकवलेला सेवक चार दिवसांत नोकरी सोडतो. तेव्हा हा पैसा सरळ पुस्तकांना द्यावा.

मी तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. वरच्या यादीतला एक मुद्दा मला मान्य आहे, तो शेवटी घेतो. बाकीचे तपासून पाहू.

मोबाइल सगळ्यांकडे आहे. असेल. पण अभ्यासिकेतलं पोरगं सीईटीचा किंवा लोकसेवा आयोगाचा अर्ज भरायला बसतं तेव्हा फोटो इतक्या केबीचा हवा, सही तितक्या केबीची हवी, दाखला पीडीएफमध्येच हवा, आणि ओटीपी येतो तो वडिलांच्या नंबरवर. वडील तेव्हा कारखान्यात. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती मिळते, तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांची घरं किती, हे शहराच्या पूर्व भागात एकदा चक्कर मारलेल्याला सांगायला नको. कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, त्यांतही या बायका मोठ्या संख्येने आहेत. अशा घरात बहुधा एकच स्मार्टफोन असतो आणि तो ज्याच्या खिशात असतो तो दिवसभर बाहेर असतो.

शिवाय फोन हातात असणं वेगळं आणि हवं ते सापडणं वेगळं. सोलापूरचंच उदाहरण घ्या. १२ जानेवारीला हुतात्मा दिन. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिलं. त्याच्या आदल्या मे महिन्यात शहरावर मार्शल लॉ लादला होता. दरवर्षी या दिवसाआधी शाळेतली मुलं भाषणासाठी माहिती मागायला वाचनालयात येतात, आणि येताना मोबाइलवरचा एक उतारा घेऊन येतात. सगळ्यांचा उतारा एकच, कारण एका संकेतस्थळावरून दुसऱ्याने उचलला, दुसऱ्यावरून तिसऱ्याने. एआयला विचारलं तर उत्तर सफाईदार मराठीत येतं, पण ‘वाचायला पुस्तक सांग’ म्हटलं तर ते कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचं नाव सांगतं, लेखकासकट. मग ते पुस्तक मागायला मुलगा देवघेवीच्या खिडकीशी उभा राहतो. तिथल्या माणसाला दोनच गोष्टी माहीत असाव्या लागतात: असं होतं हे, आणि खरं कुठे शोधायचं ते. जिल्ह्याचं १८८४ सालचं इंग्रजी गॅझेटियर आज घरबसल्या वाचता येतं. फक्त शोधताना ‘शोलापूर’ हे जुनं स्पेलिंग टाकावं लागतं, नाहीतर हाती काही लागत नाही. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे. साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात, बालभारतीची पाठ्यपुस्तकंही. पैसा न मोजता मिळणारा हा साठा आपल्या किती वाचनालयांत वाचकाला दाखवला जातो?

एमएस-सीआयटी झालंय की. हा युक्तिवाद वाचून मला खरंच हसू आलं. एमएस-सीआयटी २००१ पासून चालू आहे, चांगला अभ्यासक्रम आहे, माझ्या घरातही तीन प्रमाणपत्रं आहेत. पण त्यात पत्र टाइप करायला शिकवतात, दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद) संगणकावर कशी चढवायची ते नाही.

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्या माणसाला ही भानगड कळत नाही. अनेक वाचनालयांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौसेने पुस्तकांची यादी संगणकावर घेतली. त्या वेळी मराठी टाइप व्हायचं ते जुन्या फाँटांत. कोणी श्री-लिपी वापरली, कोणी आयएसएम, कोणी डीटीपीवाल्याने बसवून दिलेला कुठलातरी फाँट. तो संगणक बिघडला, नवा आला, त्यात तो फाँट नाही, आणि हजारो नोंदींची यादी उघडली तर पडद्यावर नुसता चिन्हांचा काला. मग काय, सेवक पुन्हा पहिल्या नोंदीपासून टाइप करायला बसतो किंवा फाइल बंद करून वहीकडे वळतो. खरं तर अशा फाइलचं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, रूपांतर होतं. त्यासाठी कन्व्हर्टर आहेत, काम काही तासांचं. जोडाक्षरं आणि रफार कुठे कुठे फुटतात, ते नंतर हाताने सुधारावं लागतं. पण हे होतं हेच कोणी सांगितलं नाही. सोलापूर शहरात तर मराठीच्या शेजारी तेलुगू, कन्नड, उर्दू पुस्तकं कपाटात असतात. तेलुगू पुस्तकाचं शीर्षक मराठी अक्षरांत अंदाजाने लिहून ठेवलं की तेलुगू वाचकाला ते शोधूनही सापडत नाही. युनिकोडमध्ये चारही लिप्या एकाच यादीत सुखाने नांदतात.

ग्रंथालयाच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय आहे. कोहा तर कोणालाही फुकट वापरता येतं, आणि ते जन्मलं न्यूझीलंडमधल्या एका लहान भागाच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी. जानेवारी २००० मध्ये ते तिथे वापरात आलं, म्हणजे ते काही फक्त विद्यापीठांसाठीचं प्रकरण नव्हे. पण फुकट सॉफ्टवेअर बसवायला, त्याची बॅकअप प्रत घ्यायला, निर्गत केलेली (साठ्यातून काढून टाकलेली) पुस्तकं त्यातून वगळायला शिकलेलं माणूस लागतं. ग्रंथालय संचालनालयाच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी जिल्हा ग्रंथालय संघ वर्ग चालवतात, तिथे वर्गीकरण आणि तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं) शिकवलं जातं आणि ते लागतंच. मात्र वर्ग होऊन वीस वर्षं झालेल्या ग्रंथपालाला पुन्हा कोणी बोलावत नाही.

आधीचे संगणक धूळ खात पडलेत. पडलेत, मान्य. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? मजकूर लिहिणारा म्हणतो, म्हणून प्रशिक्षण नको. मी म्हणतो, यंत्रासाठी पैसा आला आणि माणसासाठी आला नाही, त्याचा हा परिणाम. ट्रॅक्टर दारात आणून उभा केला आणि चालवायला कोणाला शिकवलंच नाही, तर दोष ट्रॅक्टरचा नसतो.

या बाबतीत बाहेरचा अनुभव बघण्यासारखा आहे. गेट्स फाउंडेशनने १९९७ पासून अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांना संगणक आणि इंटरनेट दिलं. सुमारे ११ हजार ग्रंथालयांत सुमारे ४७ हजार संगणक गेले, आणि त्याच योजनेत सुमारे ६२ हजार ग्रंथालय कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळालं. आकडे पुन्हा वाचा. संगणकांपेक्षा शिकलेली माणसं जास्त. चिलीमध्ये २००२ पासून ‘बिब्लिओरेदेस’ नावाची योजना याच मदतीने उभी राहिली. तीनशेहून अधिक ग्रंथालयं तिच्यात आली, आणि तिथे आधी सेवकांना शिकवून त्यांच्याकरवी गावातल्या लोकांना शिकवलं गेलं. पुढे तिचा खर्च चिलीच्या सरकारने स्वतःकडे घेतला. एका गृहस्थांनी मला सुनावलं की गेट्सवाल्यांनी तो उपक्रम २०१८ मध्ये बंदच केला ना! केला. पण बंद करणार हे त्यांनी चार वर्षं आधी जाहीर केलं होतं, तोवर स्थानिक यंत्रणेने काम पेलावं म्हणून.

इतक्या लांब जायचं नसेल तर अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याची शीव ओलांडा. कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यात मालमत्ता करावर ६ टक्के ग्रंथालय उपकर आहे. आपल्या १९६७ च्या कायद्यात असा उपकर नाही. तिकडे ग्रामपंचायतींची ग्रंथालयं ग्रामविकास खात्याकडे गेल्यावर त्यांना संगणक मिळाले आणि ग्रंथपालांना प्रशिक्षणही. सगळं आलबेल आहे असं नाही, पण विचार तरी दोन्ही बाजूंनी झाला.

सेवा केंद्रं आहेतच. आहेत, आणि आमच्या गावातला केंद्रवाला भला माणूस आहे. पण त्याचं काम अर्ज भरून देणं. पुढच्या वेळी तो अर्ज तुम्हाला स्वतः भरता यावा, हे त्याच्या धंद्यात बसत नाही आणि तशी अपेक्षाही करू नये. वाचनालयाला या कामाचे पैसे घ्यायचे नसतात, म्हणून तिथे बसून शिकवायला सवड असते.

याला एक दुसरी बाजू आहे, आणि मला वाटतं प्रशिक्षणाची सगळ्यांत जास्त गरज तिथेच आहे. न शिकलेला सेवक मदत करायला गेला की नकळत घोळ घालतो. वाचनालयाच्या एकाच संगणकावर दहा जणांची आधार कार्डं ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच पडून राहतात. कोणाचा ईमेल उघडाच राहतो. म्हातारी बाई विश्वासाने बँकेचा ओटीपी सेवकाला वाचून दाखवते आणि तोही भाबडेपणाने टाकून देतो. ब्राउझरने ‘पासवर्ड साठवू का’ विचारलं की ‘हो’. हे टाळायला फार शिकावं लागत नाही. ब्राउझरची खासगी खिडकी (प्रायव्हेट विंडो) उघडून काम कसं करावं, रोज संध्याकाळी फाइली पुसणं, ओटीपीला हात न लावणं, आणि पैसे गेल्याची तक्रार घेऊन कोणी आलं तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावून देणं. एका दुपारचा धडा आहे. पण तो देणारं कोणीतरी हवं, आणि त्या माणसाचं मानधन, जागेचं भाडं, सेवकांचा प्रवास हे कुठून तरी यायला हवं. यालाच निधी म्हणतात.

तो पैसा पुस्तकांना द्या. आकडे मांडू. २०२२ च्या अखेरीस राज्य सरकारच्या परिरक्षण अनुदानात (वाचनालय चालवायला दरवर्षी मिळणाऱ्या रकमेत) ६० टक्के वाढ झाली तेव्हा ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गाच्या वाचनालयाचे वर्षाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले. त्यातलं निम्मं वेतनाचं. उरलेल्या २४ हजारांत पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, भाडं, स्टेशनरी. या रकमेतून कोणी प्रशिक्षण काढा म्हणत असेल तर मीच पहिला विरोध करीन. पण मागणी तशी नाहीच. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून काम करतंय. त्याच्या योजनांत ग्रंथखरेदीचं साहाय्य वेगळं, कार्यशाळा आणि प्रशिक्षणाचं वेगळं, संगणकाचं वेगळं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रंथालय मिशनमध्येही सेवकांची क्षमतावाढ हा स्वतंत्र घटक आहे. प्रशिक्षणाच्या नावाचा पैसा आपण मागितला नाही म्हणून तो पुस्तक बनून आपल्या कपाटात येत नाही, दुसरा जिल्हा तो मागतो.

आता तो मान्य असलेला मुद्दा. सेवक सोडून जातो. जाणारच. वरचा हिशेब पुढे न्या: वेतनाचे २४ हजार भागिले बारा, महिन्याला २ हजार रुपये. वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती द्या ही मागणी ग्रंथालयांच्या प्रश्नांवर नेमलेल्या व्यंकप्पा पत्की समितीचं नाव घेत वर्षानुवर्षं चाललीय. २ हजारांवरच्या माणसाला इंटरनेट शिकवलं आणि त्याने झेरॉक्सच्या दुकानात आठ हजारांची नोकरी धरली, तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मजकूर लिहिणाऱ्याने इथेच थांबून वेतनाबद्दल लिहिलं असतं तर मी तो मजकूर स्वतः पुढे पाठवला असता.

पण तोवर प्रशिक्षण अडवून ठेवायचं का? मला वाटतं त्याची घडण बदलावी. करमाळ्याच्या किंवा नातेपुत्याच्या सेवकाला शंभरावर किलोमीटर एसटीने सोलापुरात बोलवायचं, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, दोन भाषणं, जेवण आणि प्रमाणपत्र, असली शिबिरं मी बघितलीत. त्यांवर पैसा घालायला माझाही विरोध आहे. तालुक्याच्या ठिकाणी, पाच-सहा वाचनालयांचा एक गट करून, प्रत्येकाने आपली खरी यादी आणि आपला खरा बिघडलेला फाँट घेऊन यावं. त्या दिवसाचं मानधन आणि एसटीचं भाडं सेवकाच्या हातात पडावं. वाचनालयातून एकाऐवजी दोघांनी यावं, दुसरा कार्यकारिणीतला असला तरी चालेल, म्हणजे एक गेला तरी वाचनालय पुन्हा कोरं होत नाही. आणि महिन्याभराने शिकवणाऱ्याने एक फेरी मारून यादी कुठवर आली ते बघावं. आमच्या तालुक्यापुरता असा प्रस्ताव आम्ही लिहायला घेतलाय. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला त्यांच्यापैकी कोणाला त्यातले खर्चाचे आकडे तपासायचे असतील, तर कच्चा मसुदा वाचनालयात ठेवलेला आहे.