आयक्यू 98, म्हणून पोर आळशी?

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. आज वहिनीबरोबर भाच्याच्या शाळेत गेले होते, त्याच्या लर्निंग डिसॅबिलिटीबद्दल (बुद्धी ठीक, पण वाचन-लेखन अडतं) बोलायला. टीचरने सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट हातात घेतला, थेट शेवटचं पान. "आयक्यू 98, नॉर्मल आहे की! मग लर्निंग डिसॅबिलिटी कसली? अभ्यास नको, दुसरं काय." पोर शेजारीच उभं, सातवीतलं.

अहो, आधीची पानं कोण वाचणार? 100 म्हणजे त्या वयाची सरासरी. याचं भाषेचं आकलन 112, नजरेनं आकार जुळवणं 121. वर्किंग मेमरी, म्हणजे ऐकलेलं-बघितलेलं डोक्यात धरून ठेवणं, 82. प्रोसेसिंग स्पीड, म्हणजे काम उरकायचा वेग, 76. ह्या सगळ्यावर 98 चं पांघरूण घातलं की झालं?

चतुर्थीला आमची माटोळी, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात ती लाकडी चौकट, तोच बांधतो. नारळ कुठं, सुपारीचे घोस कुठं, रानातली कांगलां कुठं, खालून एकदा बघतो आणि तोल बरोब्बर साधतो. भाऊ नुसता स्टूल धरतो. तेच पोर वाचायला बसलं की 'घर'चं 'धर' होतं, आणि फळ्यावरची दुसरी ओळ उतरवेपर्यंत फळा पुसलेला.

आणि नॉर्मल आयक्यू म्हणजे प्रश्नच मिटला, हे कुणी शिकवलं? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी नावानिशी आहे. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तर आयक्यू 85 च्या वर असेल तरच पुढची, बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं बनवलेली लर्निंग डिसॅबिलिटीची चाचणी घ्या, असं म्हटलं होतं. म्हणजे ज्या आकड्यानं दार उघडायला हवं, तोच दाखवून तुम्ही आम्हांला बाहेर काढता!

बरं, मान्य, नुसते आकडे वरखाली दिसले म्हणून डिसॅबिलिटी ठरत नाही. कसलीच अडचण नसलेल्या मुलांचेही दिसतात. म्हणून तर वाचन-लेखन वेगळं तपासतात. तेही केलंय, त्याच रिपोर्टात आहे, वाचन तिसरीच्या पातळीचं. पण पान उलटायला हवं ना!

टीचर वाईट नाहीत हो. वर्गभर पोरं, वर पोर्शन संपवायची घाई, त्यांना तरी हे कोण समजावून सांगतं? पण 'आळशी' हा शब्द त्याच्यासमोर नको होता. येताना गाडीत त्यानं विचारलं, "आत्या, मग मी माटोळी कशी काय बांधतो?" वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. मला उत्तर देता येत होतं, पण आवाजच फुटेना.

असो. फोंडा-म्हापसा बाजूला मराठी वाचन घेणारे रेमेडियल टीचर कुणाला माहीत असतील तर इनबॉक्स करा. इंग्रजीवाले नकोत.