लिलेहामर कसं राहिलं?

हिवाळी ऑलिम्पिकच्या दृश्य ओळखीवरचा (बोधचिन्हं, खेळांची चिन्हं वगैरे) तुमचा लेख आवडला. इटलीतल्या मिलान-कोर्तिना २०२६ हिवाळी ऑलिम्पिकचं बोधचिन्ह लोकांनी ऑनलाइन मतं देऊन निवडलं हे वाचून मात्र कपाळाला आठी पडली. डिझाइन काय बहुमतानं ठरवायची गोष्ट आहे? असो. गोठलेल्या काचेवर बोटानं एका दमात ओढल्यासारखा तो '२६' छान दिसतो, हे कबूल.

पण हिवाळी ऑलिम्पिकच्या दृश्य ओळखीबद्दल लिहिताना नॉर्वेतलं लिलेहामर १९९४ कसं काय सुटलं? तिथली खेळांची चिन्हं उत्तर नॉर्वेतल्या हजारो वर्षांपूर्वीच्या कातळचित्रावरून सुचली होती. गुडघ्यात वाकलेला माणूस, हातात काठी, पायाखाली अंगापेक्षा लांब स्की. बस, एवढंच! चेहरा नाही, कपडे नाहीत, तरी तोल सावरणं बरोब्बर दिसतं. म्युनिक १९७२च्या उन्हाळी ऑलिम्पिकची, जर्मन डिझाइनर ओटल आयशरची चिन्हं ४५ आणि ९० अंशांच्या कोनांत बसवलेली, शिस्तीची. लिलेहामरची मात्र खडबडीत, हातानं खरवडल्यासारखी. कुठल्या देशातली स्पर्धा, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि गंमत (की दुर्दैव?) बघा, २०१६मध्ये दोन पोरांनी ते मूळ चित्र 'नीट दिसावं' म्हणून कातळावर पुन्हा गिरवून ठेवलं!