वाघनखांच्या पेटीवरचा मजकूर

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै 2024 मध्ये साताऱ्यात पोहोचली, तेव्हा इथे ब्रिस्टलमध्ये आमच्या मराठी मंडळींतही दोन तट पडले. एकाचं म्हणणं, महाराजांचं शस्त्र घरी येतंय, आता शंका काढणं हा करंटेपणा. दुसऱ्याचं म्हणणं, हा सगळा देखावा. ही ती वाघनखं नव्हेत, असं कोल्हापूरच्या एका इतिहास अभ्यासकांनी सांगितलं होतं. त्यांच्या पुराव्यांवर फारसं कुणी बोललं नाही, ते कोणाच्या बाजूचे यावरच रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली. मला याचं मनापासून दुःख झालं. महाराजांवरची श्रद्धा आणि एका वस्तूची खात्री हे दोन वेगळे विषय आहेत, आणि आपण ते एकमेकांत गुंतवून टाकले.

संग्रहालयाची स्वतःची नोंद स्पष्ट आहे. शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, हे पडताळता आलेलं नाही, असं ते लिहितात. वस्तूबरोबर एक पेटी आहे आणि पेटीवर इंग्रजी मजकूर. त्यात म्हटलंय की शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीला मारलं ते हे शस्त्र, आणि ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याचे रेसिडेंट (इंग्रजांचे तिथले प्रतिनिधी) असताना मराठ्यांच्या पेशव्यांच्या प्रधानमंत्र्यांनी त्यांना ते दिलं.

हा मजकूर सावकाश वाचावा. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेलेला अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. आणि ग्रँट डफ साताऱ्याचा कारभार पाहू लागला 1818 मध्ये, म्हणजे बाजीरावाची पेशवाई संपली त्याच वर्षी. बाजीराव पुढे कानपूरजवळ बिठूरला गेला. मग ही वस्तू नेमकी कोणी, कुठे आणि कधी दिली? ग्रँट डफला अफजलखान कोण हे पक्कं ठाऊक होतं. 1826 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मराठ्यांच्या इतिहासात खान विजापूरचाच आहे. तेव्हा पेटीवरचा मजकूर त्याने स्वतः लिहिलेला नसावा, घराण्यातल्या कोणीतरी मागाहून ऐकीव माहितीवर लिहिला असावा, असं मला वाटतं.

इथे जरा थांबून हे वेगवेगळं करू. पेटीवर ‘मोगल’ लिहिलंय, ही वस्तुस्थिती. कोणीही जाऊन पाहावी. तो मजकूर मागाहूनचा असावा, हा माझा तर्क. उद्या ग्रँट डफच्या हातचं पत्र सापडलं तर तो पडेल. आणि इतक्या कच्च्या आधाराच्या वस्तूला ‘महाराजांचीच’ म्हणून जनतेपुढे ठेवू नये, हे माझं मत; ते कोणाला पटेल, कोणाला नाही. महाराजांनी त्या भेटीत वाघनख आणि बिचवा वापरल्याचं बखरकार सभासदाने लिहून ठेवलंय, तेही राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीत. त्यामुळे लंडनची वस्तू ती नसली तरी प्रतापगडच्या प्रसंगाला यत्किंचितही बाधा येत नाही. ‘पडताळता आलेलं नाही’ या शब्दांत अपमान कुठे आहे, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

असं लिहिलं की देशातले मित्र म्हणतात, तुम्हाला तिकडच्या गोऱ्यांचं सगळंच बरोबर वाटतं. तसं नाही. इथल्या शाळेत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना इतिहासाच्या परीक्षेत एखादा उतारा देऊन विचारतात, की हा कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, आणि म्हणून तो कितपत उपयोगाचा? ही सवय फार मोलाची आहे, आणि आपल्या दहावीच्या मुलांनाही ती लागावी असं मला तळमळीने वाटतं. पण काय शिकवायचं हे निवडणं हेसुद्धा मतच असतं. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात 11 ते 14 वयोगटासाठी नाव घेऊन सक्तीचा केलेला इतिहासातला विषय एकच, नाझींनी केलेला ज्यूंचा संहार. इंग्रजांचं हिंदुस्थानातलं राज्य सुचवलेल्या उदाहरणांत येतं, ते शाळेने घ्यावंच असं नाही. चौदाव्या वर्षी इतिहास सोडताही येतो. 1943 चा बंगालचा दुष्काळ न ऐकताच इथलं मूल मोठं होऊ शकतं.

आणि माझ्याच गावातला, ब्रिस्टलचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन. 1895 मध्ये उभारलेल्या त्याच्या पुतळ्याखाली लिहिलं होतं, शहराच्या सर्वांत सद्‌गुणी आणि शहाण्या सुपुत्रांपैकी एक. हे मत, ब्राँझमध्ये कोरलेलं. तो ज्या रॉयल आफ्रिकन कंपनीत अधिकारपदावर होता, तिने त्याच्या काळात सुमारे 84,000 आफ्रिकन माणसं गुलाम म्हणून जहाजांत भरली, हा कागदपत्रांवरून काढलेला अंदाज. या आकड्याला मात्र त्या चौथऱ्यावर जागा नव्हती. तो सांगणारी दुसरी पाटी लावायचं घाटत होतं, पण शब्दांवरून इतका वाद झाला की 2019 मध्ये तो बेत बारगळला. 7 जून 2020 ला लोकांनी पुतळा ओढून बंदरात टाकला. आता तो इथल्या संग्रहालयात रंगाच्या डागांसकट आडवा ठेवलाय आणि शेजारी सगळी हकीकत लिहिलेली आहे. पाटीवर एक वाक्य आधीच लावलं असतं तर काय झालं असतं, हा विचार त्याच्यापुढे उभं राहिलं की माझ्या मनातून जात नाही.

शिवाय हे शिकायला आपल्याला इथे यायची गरजच नाही. ग्रँट डफच्या इतिहासावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी 1867 मध्ये टीका लिहिली, तेव्हा ते विद्यार्थी होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दफ्तरं गोळा करत राहिले, 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. अस्सल कागद आणा, मग बोला, ही शिस्त मराठीत शंभरावर वर्षं जुनी आहे. महाराजांचं जन्मवर्ष 1627 असं ग्रँट डफपासून धरलं जात होतं. लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे घराण्यातली शकावली, म्हणजे सालवार घटनांची यादी, पुढे आणली, तिच्यात शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया निघाली, महाराजांच्या काळातल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही तीच तिथी मिळाली, आणि अनेक वर्षांच्या वादानंतर 19 फेब्रुवारी 1630 मान्य झाली. तारीख बदलली म्हणून महाराज लहान झाले नाहीत. जयंती तिथीने करावी की तारखेने, हा वाद राहिला. तो आवडीचा आहे, कुठल्याच कागदाने सुटायचा नाही. इथे आम्ही ती जवळच्या शनिवारी करतो.

तरीही जानेवारी 2004 मध्ये महाराजांवरच्या एका पुस्तकाच्या रागापोटी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. ज्या पोथ्या-पुस्तकांच्या आधारे त्या पुस्तकाला उत्तर देता आलं असतं, त्यांचीच नासधूस झाली.

सरकारने वाघनखं तीन वर्षांसाठी मागून आणली आहेत. ती राज्यात जिथे जिथे ठेवली जातील, तिथे काचेशेजारी पेटीवरचा मजकूर मराठीत लावावा. अफजलखान मोगलांचा नव्हता, हे त्याखाली लिहावं. संग्रहालयाला खात्री करता आलेली नाही, हेही लिहावं. सभासदाचा उतारा शेजारी द्यावा. शाळेच्या सहलीतली मुलं तिथे रांगेत उभी राहतील, त्यांना एवढं वाचायला मिळू द्या.