ब्रेक मारला, घेतला, दिला, लागला

इंग्रजीत गाडीचा ब्रेक वेगळा आणि कामातला ब्रेक वेगळा, स्पेलिंगसुद्धा वेगळं. देवनागरीत दोघं एकाच शब्दात येऊन बसले, तरी कुणाचा घोटाळा होत नाही. कारण निवाडा क्रियापद करतं. मारला, दाबला म्हणजे गाडीचा. घेतला म्हणजे चहाचा. लागला म्हणजे काम रखडलं. आणि 'दिला' म्हटलं की कंत्राटी माणसाच्या पोटात गोळा येतो: 11 महिन्यांची ऑर्डर संपली, मधे एक-दोन दिवस कोरे, मग नवी ऑर्डर, म्हणजे सेवा सलग धरायला नको.

ट्रॅक्टरवाल्यांचा ब्रेक तर जोडीनं येतो. उजव्या पायाशी दोन पायडल असतात, डाव्या-उजव्या चाकाला एकेक. शेतात तासाच्या, म्हणजे नांगरटीच्या ओळीच्या, टोकाला एकच दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. रस्त्यावर निघताना मात्र दोन्ही पायडल पट्टीनं जोडायलाच पाहिजेत. जोडायचं राहिलं, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या आहेत आणि घाईत पाय एकाच पायडलवर पडला, तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो आणि ट्रॉल्या मागून ढकलतात. मग लोक म्हणतात ब्रेक फेल झाला. ब्रेक धड होता हो, पट्टी टाकली नव्हती.

इथपर्यंत या शब्दाशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते 'पावसाला ब्रेक' या मथळ्याशी. हवामानखात्याचा ब्रेक मान्सून ठीक आहे, त्याला नेमका अर्थ आहे: जुलै-ऑगस्टमध्ये कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो, पाऊस तिकडे आणि आपल्याकडे कोरडं. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, मराठवाड्यात सोयाबीन ऐन फुलात होतं.

पण शेतात याला ब्रेक म्हणून भागत नाही. चार दिवस ऊन पडलं तर ती उघाड. ती हवीच असते, वाफसा येतो म्हणजे जमीन कामाजोगी सुकते, कोळपं (ओळींमधलं तण काढायचं अवजार) चालतं, फवारणी उरकते. पंधरा दिवस झाले की पावसानं ओढ दिली. जमीन भेगाळली, दुपारी पानं माना टाकायला लागली की पिकाला ताण बसला. तीन शब्द, तीन वेगळी कामं. उघाडीत तण काढा. ओढ दिसली आणि फुलं लागली नसतील तर आणखी एक कोळपणी द्या, भेगा बुजतात, ओल टिकते. फुलं लागल्यावर कोळपं घालू नका, मुळं तुटतात. ताण बसला की 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट हे विद्राव्य खत) एक टक्का, म्हणजे 10 लिटरला 100 ग्रॅम, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारायचं. त्यानं पीक तग धरतं, पण ते पाणी नव्हे. विहिरीत असेल तर एकाआड एक सरी भिजवा. अशा दिवसांत तणनाशक मारलं तर पैसे वाया, कोमेजलेलं तण औषध ओढून घेत नाही.

कागदावर याला 'खंड' म्हणतात. 2023 च्या खरिपात विम्याची 25 टक्के अग्रीम रक्कम मागताना 21 दिवसांच्या खंडाचीच चर्चा होती. तिथं ब्रेक लिहून अर्ज दिला असता तर कारकुनानं वर तरी पाहिलं असतं का?

आणखी एक शब्द बीडच्या ऊसतोड मजुरांचा: खाडा. शहरातला माणूस ब्रेक घेतो, त्यांचा खाडा पडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळं बाई तापानं कोपीत, म्हणजे झोपडीत, पडून राहिली तरी मुकादमाच्या वहीत खाडा लागतो आणि त्या दिवसाचा दंड उचलीच्या, म्हणजे आधी घेतलेल्या पैशांच्या, हिशेबात चढतो.