प्रत्येक टिकटिक टॅपेटची नसते

सोलापुरातल्या वाहनधारकांच्या व्हॉट्सॲप गटांवर गेल्या उन्हाळ्यापासून एक संदेश पुन्हा पुन्हा येतो आहे. त्याचा आशय असा : जुन्या गाडीच्या इंजिनातून टिकटिक ऐकू आली की टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह (झडपा) उघडणारे भाग, ढिले झाले असे समजावे, आवाज पूर्ण थांबेपर्यंत ते आवळावेत, आपल्याकडच्या उन्हात ऑइल पातळ होते म्हणून नेहमीपेक्षा जाड ऑइल भरावे, एवढ्याने भागले नाही तर ऑइलमध्ये मिसळायचे औषध ओतावे, आवाज गेला की इंजिन निर्धोक. हा सल्ला स्वस्त आहे आणि पहिले काही दिवस गुणकारी वाटतो. माझ्या १९९८ सालच्या तीन सिलेंडरच्या पेट्रोल गाडीवर याच पद्धतीने काम झाले होते, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान टॅपेटच्या दोषाचे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे गाडी उभी असताना ८०० आरपीएमच्या (मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या) आयडलिंगला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो. मोकळ्या टॅपेटचा ठोका याच लयीत पडतो, हे खरे. पण एखाद्या सिलेंडरचा धूरही दोन फेऱ्यांतून एकदाच बाहेर पडतो, त्यामुळे धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गास्केट (सांधा बंद ठेवणारी चकती) फुटले असेल तर तिथून निसटणारी हवा नेमकी त्याच लयीत टिकटिकते. सैल स्पार्क प्लगच्या बुडातून निसटणारी हवाही तशीच वाजते. नुसत्या लयीवरून निदान होत नाही; आवाजाची जागा आणि इंजिनाचे तापमान पाहावे लागते. यंत्रमागाच्या कारखान्यात वावरलेल्या सोलापूरकराला हे नवे नाही. शेडमध्ये एकाच वेळी शेकडो ठोके पडत असताना जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) आधी माग शोधतो, मग त्या मागातील जागा, आणि त्यानंतरच पाना उचलतो.

गाडीतही तसेच करता येते. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर आवाज मोठा असेल आणि पाच-दहा मिनिटांत, धातू तापून फुगल्यावर, तो विरत गेला तर संशय आधी मॅनिफोल्डच्या गास्केटवर घ्यावा. सांध्याशी काजळीचा काळा फराटा दिसला तर तो बळावतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक हेडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागाच्या, झाकणावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली तर टॅपेटचा ठोका स्पष्ट जाणवतो. निसटणाऱ्या हवेसाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्यांवरून फिरवावे. हे करताना पंखा आणि बेल्टपासून हात व कपडे दूर हवेत. प्लगच्या वायरीतून करंट फुटत असेल तर अंधारात बॉनेट उघडल्यावर निळसर ठिणगी दिसते; त्या वायरीला हात लावू नये.

दुसरा सल्ला, आवाज थांबेपर्यंत आवळण्याचा, सर्वांत घातक आहे. टॅपेटमधली फट हा दोष नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली असते. इंजिन तापले की व्हॉल्व्हची लांबी वाढते आणि त्या वाढीला जागा लागते. ही फट बहुधा ०.१५ ते ०.३० मिलिमीटरच्या आसपास असते, एक्झॉस्टची सहसा थोडी जास्त. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. फट बुजवली तर तापलेला व्हॉल्व्ह सीटवर (तो टेकतो त्या कडेवर) पुरता बसत नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता या सीटमधूनच हेडमध्ये उतरत असते. ती वाट तुटली की ज्वाळा कडेने निसटतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. माझ्या गाडीचा आवाज आवळल्यानंतर कमी झाला. दोन महिन्यांनी तुळजापूरच्या घाटात ती ओढेनाशी झाली, आणि हेड उघडल्यावर एक व्हॉल्व्ह कडेला जळालेला निघाला. मूळ टिकटिक मॅनिफोल्डच्या गास्केटची होती. शिवाय काही इंजिनांत हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे टॅपेट, असतात. त्यांत अशी फट ठेवायचीच नसते, आणि तिथे आवाज आला तर आधी ऑइलची पातळी व स्वच्छता पाहावी लागते.

जाड ऑइलच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. पुस्तिकेतल्या तक्त्यात उष्ण हवेसाठी जाड ग्रेड दिली असेल तर ती अवश्य वापरावी. अनेक जुन्या इंजिनांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० चालते. परंतु ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहते ते सांगतो. मे महिन्यात सोलापूरचे तापमान ४३ अंशांवर गेले तरी पाण्याचा थर्मोस्टॅट इंजिनाला त्याच्या ठरलेल्या तापमानाजवळ ठेवतो, म्हणून केवळ बाहेरच्या उन्हावरून ग्रेड ठरत नाही. पुस्तिकेपेक्षा जाड ऑइल थंड इंजिनात वरच्या भागाला उशिरा पोहोचते. ऑइल बदलण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी; पुष्कळदा कमी पातळी हेच कारण निघते.

बाटलीतल्या औषधाबद्दल एवढेच म्हणता येईल की त्याने फुटलेले गास्केट सांधत नाही आणि झिजलेला रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) भरून येत नाही.

आवाज गेला म्हणजे दोष गेला, हे शेवटचे विधान एलपीजी किंवा सीएनजी किट बसवलेल्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत तर अगदी उलटे ठरू शकते. गॅसवर व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप मिटत जाते. मालकाला इंजिन शांत झाल्यासारखे वाटते, आणि आत व्हॉल्व्ह जळण्याची तयारी चाललेली असते. अशा गाडीची फट आवाज नसतानाही मोजावी. याउलट टिकटिकीऐवजी खालून जड ठोका येऊ लागला आणि ऑइलचा लाल दिवा लागला, तर गॅरेजपर्यंतही गाडी चालवू नये, जागीच बंद करावी.

माझ्या गाडीला नवा व्हॉल्व्ह आणि नवे गास्केट बसले. सकाळी टॅपेटचा हलका आवाज अजूनही येतो. ती फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून ठेवलेली आहे, म्हणून मी ती कोणालाही आवळू देत नाही.